एकच संग्रह, दोन संग्रह की नुसती सोबत? नाणी जमवणाऱ्या नवरा-बायकोंसाठी

माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. मुलगा नाणी जमवतो. साखरपुड्यानंतर आठवड्याभरात ती मुलुंडला आमच्याकडे आली आणि चहाला उकळी यायच्या आत तिनं विचारलं, "मावशी, तो म्हणतोय आपण दोघं मिळून जमवू. मी त्याच्याच संग्रहात भर घालू, माझा वेगळा सुरू करू, की त्याचा छंद त्याला राहू दे आणि मी नुसती बरोबर जाऊ?"

याचं उत्तर सापडायला आम्हा दोघांना अकरा वर्षं लागली. १९९८ साली आमचं लग्न झालं तेव्हा नाणी फक्त ह्यांची होती आणि मी सोबतीला. २००१ पासून आम्ही एकच संग्रह केला. २००९ पासून दोघांचे वेगळे आहेत. तिन्ही वाटा चालून झाल्या आहेत. त्या संध्याकाळी भाचीला सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत. इथे सविस्तर लिहिते, कारण प्रदर्शनांत भेटणारी नवी जोडपी याच जागी अडलेली दिसतात.

तुलना करताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवते. नाणं घ्यायचं, बदलून द्यायचं, पुसायचं, विकायचं, हे कोण ठरवणार? पैसा, जागा, वेळ हे सगळं त्या प्रश्नाच्या मागोमाग येतं.

एकच संग्रह

नव्या जोडप्यांना ही वाट सगळ्यांत गोड वाटते, आणि पहिली दोन वर्षं ती खरंच गोड असते. २००१ च्या सुमारास चिल्लर अजून भरपूर फिरत होती. मी शाळेत शिकवत होते, ह्यांचं ऑफिस फोर्टात. रात्री जेवणं झाली की दोघांच्या पाकिटातली मोड स्टीलच्या ताटात ओतायची, मधे टेबललॅम्प, हातात भिंग. सन बघायचा आणि सनाखालची खूण बघायची. हिरा असेल तर नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ १८२९ सालची, फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर. हे रोज तिच्यावरूनच ऑफिसला जायचे. त्यामुळे हिऱ्याचं नाणं सापडलं की आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

एकत्र संग्रहाचा मोठा फायदा इथेच कळतो. डोळ्यांच्या दोन जोड्या आणि दोन पाकिटं. ह्यांना चर्चगेटच्या तिकीट खिडकीवर मिळायचं ते मला कलिन्याच्या भाजीवाल्याकडे मिळायचं नाही, आणि माझ्याकडे यायचं ते ह्यांच्याकडे यायचं नाही. एकट्याला वर्ष लागेल तो संच दोघांना सहा महिन्यांत लागतो. एकच नाणं दोनदा विकत घेतलं जात नाही. आणि दिवसभर एकमेकांशी धड बोलणं न झालेल्या माणसांना रात्री अर्धा तास एका दिव्याखाली बसायला कारण मिळतं. मुंबईत, दोन-दोन तास लोकलमध्ये घालवणाऱ्यांच्या घरात, याची किंमत मी फार मोठी धरते.

मग अडचणी सुरू होतात. पहिली मी केली. शाळेतल्या एका मुलाला छंद लागावा म्हणून मी आमच्या डब्यातली "जादा" नाणी त्याला दिली. त्यात गेंड्याचे चार आणे, म्हणजे पंचवीस पैसे, होते, स्टीलचे, एकाच सनाचे दोन. मला दोन्ही सारखे दिसले. एकाच्या सनाखाली टिंब होतं, तेच गेलं. किंमत म्हणाल तर काहीच नाही. ती नाणी तेव्हा बाजारात चालू होती. पण ह्यांनी ते ठरवून शोधलेलं होतं, आणि मी ते न विचारता दिलं होतं. भांडण चार आण्यांचं नव्हतं. संग्रह जर दोघांचा, तर एकट्यानं द्यायचा अधिकार कुणाला, हे आम्ही कधी बोललोच नव्हतो.

दुसरी अडचण हळूहळू चढते आणि म्हणून जास्त वाईट. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांची प्रदर्शनं भरतात. एका वर्षी आम्ही दोघं गेलो. ह्यांना शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, घ्यायच्या होत्या. मला १९४७ चा निकेलचा रुपया हवा होता, मागे वाघ असलेला, इंग्रजांच्या राज्यातला शेवटचा. पैसे एकाचेच पुरतील इतके. तासभर "तुझं घे", "नको, तुमचं घ्या" झालं आणि शेवटी तिसरंच काहीतरी घेऊन आलो, एका संस्थानाचं तांब्याचं नाणं, जे दोघांना चालण्यासारखं होतं आणि दोघांपैकी कुणालाच हवं नव्हतं. पुढे लक्षात आलं की डबाच अशा नाण्यांनी भरत चाललाय. सामाईक संग्रहात तडजोडीची नाणी साठतात. ती कुणी काढून बघत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. त्याला हरवल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं ती वितळवली नाहीत. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला ठसा उमटवला आणि तशीच चलनात सोडली. इतिहासाला त्याचा अपार उपयोग झाला, कोणी कोणाला हरवलं ते नाण्यानंच सांगितलं. पण तसं नाणं नीट बघा: नहपानाचा चेहरा अर्धा पुसलेला, आणि सातकर्णीचा ठसाही त्या चेहऱ्याच्या नाकाडोळ्यांत अडकलेला. आमचा एकत्र संग्रह आठवला की मला ते नाणं आठवतं.

ही वाट कुणाला जमते? ज्यांची आवड मुळातच एक आहे त्यांना. दोघांनाही शिवराईच हवी, किंवा दोघांनाही स्वतंत्र भारताचीच नाणी हवीत, आणि दोघांनी एकदमच सुरुवात केली आहे, कुणी दहा वर्षं पुढे नाही, असं असेल तर बेलाशक करा. एक जण आधीपासून मुरलेला असेल तर "आपला" संग्रह हा त्याचाच संग्रह होतो आणि दुसरा मदतनीस. भाचीला मी हे स्पष्ट सांगितलं, कारण तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे आजच चार अल्बम आहेत.

नुसती सोबत

लोक हिला वाटच मानत नाहीत. "त्यांना आवड आहे, मला काय कळतंय त्यातलं" असं म्हणून विषय संपवतात. माझ्या मते तिघींतली सगळ्यांत जबाबदारीची वाट हीच, आणि ती न समजता चालली तर सगळ्यांत जास्त नुकसान करणारीही हीच.

माझ्याच हातून झालं ते सांगते. लग्नानंतरची दुसरी दिवाळी, १९९९. देवघरातला तांब्या, पळी, ताम्हण चिंच-मिठानं घासायला घेतलं होतं. ह्यांच्या ड्रॉवरमध्ये एक शिवराई होती, आजोबांकडून आलेली, साताऱ्याकडच्या घरातली. काळपट, जाडसर, कडेला हिरवट छटा. म्हटलं हीही लखलखीत करू, संध्याकाळी आश्चर्य वाटेल. घासली. नव्या भांड्यासारखी गुलाबी झाली.

हे घरी आले, बघितलं, आणि काही बोलले नाहीत. रात्री भिंग घेऊन बसले आणि मला शेजारी बोलावलं. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", ही अक्षरं कुठे कशी असतात ते दाखवलं. मग सांगितलं की तांब्यावर वर्षानुवर्षं जो काळा-तपकिरी थर बसतो तो मळ नसतो. हवेशी संयोग होऊन तयार झालेला तो धातूचाच थर, खालच्या अक्षरांचं तोच रक्षण करतो, आणि नाणं जुनं असल्याची खूणही तोच. चिंचेतल्या आम्लानं तो गेला, आणि त्याबरोबर "राजा"मधल्या "ज"ची कड गेली. पुन्हा येणार नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा नाणं वाचलं. तोवर फक्त बघत होते.

म्हणून सोबत करणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं: जमवू नका हवं तर, पण चार गोष्टी शिकून घ्या. नाणं कडेनं धरायचं, छाप-काट्यावर बोट लावायचं नाही. कधीही घासायचं, पुसायचं, लिंबू-चिंच-टूथपेस्ट लावायची नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिशांत ठेवायचं नाही. त्या पीव्हीसीतून काही वर्षांनी हिरवा चिकट थर सुटतो आणि तो धातू खातो. त्यापेक्षा पुठ्ठ्याचे, मायलरची (पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकची) खिडकी असलेले होल्डर घ्या, पिना मारताना नाण्याला लागू देऊ नका. आणि मुंबईच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, अल्बम शक्यतो उघडू नका. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर वर्षी बदला. एवढं आलं तर नुकसान होणार नाही.

पण सोबतीची खरी कसोटी वेगळी आहे. आमच्या जुन्या सोसायटीत एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. चांदीचे रुपये जमवायचे, राणीछापपासून सहाव्या जॉर्जपर्यंत. आम्हाला कौतुकानं दाखवायचे, विशेषतः १९३९ सालचा रुपया, जो सहसा मिळत नाही. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. काकांनीही कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. काका गेले. वर्षश्राद्धानंतर घराच्या दुरुस्तीला पैसे लागले तेव्हा सगळा डबा सराफाकडे गेला आणि चांदीच्या भावानं, वजनावर विकला गेला. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. काकू मला म्हणाल्या, "मला वाटलं रुपया तो रुपया." त्यांचा काय दोष? १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी साधारण ९२ टक्के आणि १९४० पासून ती निम्म्यावर आली, हे एवढं जरी घरात कुणी बोललं असतं तरी वजनाच्या भावातसुद्धा फरक पडला असता. संग्राहकांच्या बाजारात त्या एका रुपयानं काय दिलं असतं, तो विचार मी करत नाही.

तेव्हा जो जमवतो त्यानं, सोबत करणाऱ्याला न सांगता जमवणं हे मी चूक मानते. छंद एकाचा असला तरी त्याचं ज्ञान दोघांचं हवं.

दोघांचे दोन

२००९ साली आम्ही वाटणी केली. शब्द कडू आहे, वाटणी गोड झाली. ह्यांनी तांब्याची मराठेशाही घेतली: शिवराई आणि तिचे प्रकार, दुदांडी शिवराईसकट. मी स्वतंत्र भारत घेतला. तडजोडीची जी नाणी होती ती बहुतेक आम्ही विकून टाकली आणि त्या रकमेतून मला अखेर तो वाघाचा रुपया मिळाला.

स्वतःचा संग्रह म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. १९५० चा पैसा, धावत्या घोड्याचा. मग १ एप्रिल १९५७, आण्यांचा कारभार संपून शंभर पैशांचा रुपया आला तो दिवस, आणि त्याच्या पुढची "नये पैसे" लिहिलेली नाणी. माझी आई शेवटपर्यंत चवली-पावलीच्या हिशेबात बोलायची. सोळा आण्यांचा रुपया, रुपयाचे चौसष्ट पैसे, हे तिच्या जिभेवर होतं. तिला ती नाणी दाखवली तेव्हा तिनं भोकाचा पैसा मागितला. १९४३ ते १९४७ मधला तो भोक पाडलेला पैसा लहानपणी करगोट्यात ओवायची म्हणाली. तो मी तिच्यासाठी शोधला. ह्यांच्या संग्रहात मी भर घालत राहिले असते तर आईला तो पैसा कधी मिळाला नसता, कारण तो शिवराईच्या यादीत बसत नाही.

पुढे माझा संग्रह स्मारक नाण्यांकडे वळला. १९६४ चं नेहरूंचं, आपल्याकडचं पहिलं. १९७४ चे दहा पैसे, कुटुंबाच्या चित्राचे, नियोजित परिवार आणि सर्वांना अन्न सांगणारे. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया. १९९९ चा ज्ञानेश्वर माऊलींचा रुपया आणि त्याच साली शिवाजी महाराजांचे दोन रुपये. २००२ चे तुकोबांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्यांचे पाच. ही नाणी मी कधी भाजीवाल्याला मोड म्हणून दिली असतील, हा विचार आजही चुटपुट लावतो.

दोन वेगळ्या संग्रहांचे फायदे सांगते, पण नुकसानही लपवत नाही. आधी फायदे. निर्णय ज्याचा त्याचा, त्यामुळे विचारपूस आनंदानं होते, परवानगी म्हणून होत नाही. भेटवस्तूचा प्रश्न कायमचा सुटतो: ह्यांच्या वाढदिवसाला काय आणायचं ते मला माहीत असतं. आणि दोघांची नजर वेगळ्या तऱ्हेनं तयार होते. ह्यांना हातानं पाडलेल्या नाण्यांची सवय. ठसा सरकलेला, "शिव"च्या जागी "सिव" कोरलेलं, हे त्यांना आधी दिसतं. मला यंत्रावर पाडलेल्या नाण्यांतले बारीक फरक दिसतात. एकाला शंका आली की दुसऱ्याच्या हातात नाणं जातं आणि ती नजर कोरी असते.

नुकसान असं की खर्च दुप्पट होतो. दोन याद्या, पुस्तकं दोन विषयांची, होल्डरचे आकार वेगळे. आणि एकाचा जोर ओसरला की तो संग्रह मागे पडतो आणि त्याची खंत घरात राहते. मुलगी दहावीला होती ती दोन वर्षं मी एकही नाणं घेतलं नाही. हे घेत होते. मला तेव्हा थोडं लागलं होतं, हे लिहायला हरकत नाही.

गुप्त काळातलं एक सोन्याचं नाणं आहे. पहिला चंद्रगुप्त आणि त्याची लिच्छवी कुळातली राणी कुमारदेवी समोरासमोर उभे, आणि नाण्यावर दोघांचीही नावं. मी त्याचं छायाचित्रच पाहिलंय. जोगळटेंभीचं नाणं आणि हे नाणं शेजारी ठेवलं तर मला काय म्हणायचंय ते भाचीला दिसेल.

पैसे, जागा, आणि फसवणूक

पैशाच्या बाबतीत सामाईक संग्रह स्वस्त पडतो, सोबतीचा त्याहून स्वस्त, वेगळे दोन महाग. पण भांडण सगळ्यांत कमी वेगळ्यांत होतं. आम्ही महिन्याला ठरावीक रक्कम दोघांच्या नावानं बाजूला काढतो, सारखीच. एखाद्या महिन्यात वापरली नाही तर ती त्याच्याच खात्यात पुढे जाते. एकमेकांकडून उधार घ्यायची मुभा आहे, पण विचारून.

जागेचं म्हणाल तर वन बीएचकेत नाणी हा देवाचा प्रसाद आहे; पूर्ण संग्रह चपलेच्या खोक्यात मावतो. किमती नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची असतील तर लॉकर दोघांच्या नावावर घ्या आणि नामनिर्देशन करा. रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून असा आहे की चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. पूर-भूकंपाची नाही. हा आकडा माहीत असला की तिथे किती ठेवायचं ते ठरवता येतं.

खोट्या नाण्यांना मात्र एकटा माणूस लवकर फसतो, म्हणून इथे सोबतीला आणि एकत्र संग्रहाला मी पूर्ण गुण देते. चोर बाजारात राम दरबाराची, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असलेली "नाणी" हमखास दिसतात. कंपनीनं असं नाणं कधी काढलंच नाही. एकटं असलं की देवाचं चित्र बघून हात पुढे जातो. बरोबर कुणी असलं की "थांब, आधी वजन करू" म्हणणारं तोंड असतं. खिशात मावणारा डिजिटल काटा घेऊन जा. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. फार झिजलेला नसूनही अकराच्या खाली किंवा बाराच्या वर गेला तर परत ठेवा. लोहचुंबकाला चिकटला तर विषयच संपला. "शेतात नांगरताना सापडली" म्हणून कुणी नाणी दाखवली तर घेऊच नका. जमिनीत सापडलेलं गुप्तधन दहा रुपयांहून अधिक किमतीचं असलं तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि मोबाइलवर येणारे "हे पाच रुपयांचं नाणं लाखाला विका" असले निरोप दोघांपैकी कुणालाही आले तरी उत्तर देऊ नका. जुनी नाणी खरेदी-विक्री करण्याशी आपला संबंध नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

आणखी एक, जे तरुण जोडप्यांना सुचत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी जायचा विचार असेल तर शिवराई इथेच राहणार. माझी स्वतंत्र भारताची नाणी मुलीबरोबर कुठेही जाऊ शकतील. विषय निवडताना हे आम्ही धरलं नव्हतं, तुम्ही धरा.

मग भाचीनं काय करावं

तिनं स्वतःचा विषय घ्यावा. तो अजून तिला माहीत नाही, आणि ते बरं आहे. लग्नाआधीच्या एखाद्या शनिवारी दोघांनी फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय बघावं. सोमवारी बंद असतं. तिथे कवडीपासून आजच्या चलनापर्यंत सगळं ओळीनं आहे. दोघांनी वेगवेगळं फिरावं आणि बाहेर आल्यावर सांगावं की कोण कुठल्या कपाटासमोर जास्त वेळ उभं होतं. तिचं कपाट त्याच्या कपाटाहून वेगळं निघालं तर ठरलं. एकच निघालं, तरच एकत्र संग्रहाचा विचार करावा. कुठल्याच कपाटासमोर ती थांबली नाही तर सोबत करावी, पण वर सांगितलेलं शिकून.

मात्र तिन्हींपैकी काहीही ठरो, एक वही पहिल्या दिवसापासून एकच असावी. ही गोष्ट मला पावसानं शिकवली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आम्ही कलिन्याला तळमजल्यावर होतो. पाणी पलंगाच्या वर आलं. दोन दिवसांनी कपाटाचा खालचा खण उघडला. नाण्यांना काही झालं नव्हतं, तांबं आणि चांदी ती. पण प्रत्येक नाणं कागदी पाकिटात होतं आणि पाकिटावर शाईनं लिहिलेलं होतं: कुठून आलं, कुणी दिलं, कधी. सगळी शाई गेली होती. वीस-पंचवीस शिवराया गाळातून धुऊन फडक्यावर मांडल्या, सगळ्या सारख्या काळ्या. यातली आजोबांची कुठली, बाजारातली कुठली, ह्यांनाही सांगता येईना.

एकच सांगता आली. तिच्या "ज"ची कड गेलेली होती.

आज आमची वही वर ठेवलेली असते, तिची छायाचित्रं मुलीच्या फोनमध्येही आहेत. रकाने साधे: नाणं, धातू, वजन, कुठून आलं, किती दिले, शेरा. शेवटचा रकाना "कोणाचं". त्यात ह्यांचं किंवा माझं नाव असतं. पहिल्या पानावरची पहिली ओळ अशी आहे: शिवराई, तांबं, आजोबांकडून, सातारा, शेरा, १९९९ मध्ये चिंचेनं घासली, कोणाचं, दोघांचं.